उशीवरून मान उचला, भाऊ

ॲट्रोपिनचं अँप्यूल करंगळीच्या दोन पेरांएवढं असतं. आत एक मिलिलिटर औषध, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम. काचेची मान कापसाच्या बोळ्यात धरून मोडायची, सिरिंज भरायची, की पुढचं अँप्यूल घ्यायचं. घाईत बोळा राहिला, तर काच बोटात जाते. हा बोळा ज्या पिकाचा, त्याच पिकावर फवारणी करताना विषबाधा होऊन २०१७ साली माणसं यवतमाळच्या वॉर्डात आली.

जुलैपासून सुरुवात झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर दाखल झाले आणि जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. हवा दमट होती. फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर, पाठीवर औषध उडत होतं. अनेकांनी दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवली होती, त्यामुळे अंगात नेमकं काय गेलं, हे रुग्णालाही सांगता येत नव्हतं. शासनाला विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. मृत्यूंवर, कंपन्यांवर, कृषी खात्यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहिणं भागच होतं. पण त्या वॉर्डात रात्रभर खाटांमधून फिरणाऱ्या सिस्टरांवर फारसं काही लिहिलेलं मला आढळलं नाही. त्यांनी काय केलं असेल, हे जाणून घेण्यासाठी मी या विषबाधेची उपचारपद्धती वाचायला घेतली आणि त्या वाचनातून नर्सिंगकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक शरीरात गेलं, की ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं विकर निकामी होतं. मग नसांमधला एक संदेश थांबतच नाही. लाळ, अश्रू, घाम वाहत राहतात, फुप्फुसांत पाणी भरतं, नाडी मंदावते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते. यावर ॲट्रोपिन हा उतारा, पण त्याचा ठरलेला डोस नाही. तीव्र विषबाधेत वापरली जाणारी एक रूढ पद्धत अशी: आधी तीन अँप्यूल द्यायची आणि पाच मिनिटांनी रुग्णाला पाहायचं. फरक नसेल तर दुप्पट, म्हणजे सहा. पुन्हा पाच मिनिटं. मग बारा, मग चोवीस. एका रुग्णासाठी पंधरा मिनिटांत पंचेचाळीस काचा मोडल्या जातात.

आणि पाच मिनिटांनी पाहायचं म्हणजे काय पाहायचं? छातीतली घरघर थांबली का. नाडी ऐंशीच्या वर गेली का. रक्तदाब सावरला का. बाहुली उघडली का. काखेत हात घालायचा, ती कोरडी झाली का. काख कोरडी होणं ही इथे आनंदाची बातमी असते. पण औषध जास्त झालं, तरी रुग्ण धोक्यात येतो. अंग तापतं, लघवी तुंबते, आतड्यांचा आवाज बंद होतो, माणूस बरळायला लागतो, चादर चिमटत बसतो, सलाईन उपसून पळू पाहतो. हे विषामुळे की उताऱ्यामुळे, हे ओळखायला कोणी तरी खाटेपाशी लागतं. डोस डॉक्टर ठरवतात. पण ज्या निरीक्षणावर तो ठरतो, ते बहुतांशी तासातासाला सिस्टर टिपत असते.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. पहिला धोका टळतो, रुग्ण शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरचे सुटीची वाट पाहू लागतात. आणि विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत काही जणांचे श्वासाचे स्नायू हळूहळू लुळे पडू लागतात. याची सुरुवात बहुधा मानेपासून होते. म्हणून जाणती नर्स नाडी बघून पुढच्या खाटेकडे जात नाही. ती थांबते आणि म्हणते, "भाऊ, उशीवरून मान उचलून दाखवा." मान उचलली तर ठीक. उचलता आली नाही, तर व्हेंटिलेटर तयार ठेवायची वेळ झाली. यासाठी यंत्र लागत नाही, रक्ततपासणी लागत नाही. काय विचारायचं आणि का विचारायचं, हे मात्र माहीत असावं लागतं.

म्हणूनच नर्सिंगबद्दल बोलताना आपण ज्या शब्दाकडे सगळ्यात आधी वळतो, त्या 'सेवा' या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. शब्द वाईट नाही, पण तो अपुरा आहे. सेवा म्हटलं, की ममता आठवते, त्याग आठवतो, आणि ममतेला पगार काय द्यायचा, हा प्रश्न आपोआप मागे पडतो. सरकारदरबारी वापरला जाणारा 'परिचर्या' हा शब्द मला जास्त खरा वाटतो. परि म्हणजे भोवती आणि चर् म्हणजे चालणं. रुग्णाभोवती फिरत राहणं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच सांगितले आहेत: उपचारज्ञता, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. त्यात माया तिसरी येते. पहिलं येतं ज्ञान. आपण हा क्रम उलटा करून टाकला.

महाराष्ट्रात हे ज्ञान बाईच्या हाती यायला सोपं गेलं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत शिकल्या. प्रशिक्षित परिचारिका होणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांपर्यंत पोहोचल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि दोनच वर्षांत तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, विटाळ मानायचा नाही, रात्री घराबाहेर राहायचं. त्या काळच्या घरांना हे किती जड गेलं असेल! आमच्या भागात हे काम आलं ते डफरीन निधीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयांतून आणि मिशनच्या दवाखान्यांतून. अमरावतीचं स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन'च आहे आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरीच्या मिशन हॉस्पिटलचं नाव जुनी माणसं घेतात. घरी परवानगी मिळवायला आजची मुलगी तितकी झगडत नाही. तिला झगडावं लागतं ते निराळ्या गोष्टींशी.

झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यातली एखादी पोरगी बारावी होते. तिच्यापुढे तीन वाटा असतात. एएनएम दोन वर्षांची, जीएनएम तीन वर्षांची आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बी.एस्सी.ला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बहुतेक कॉलेजांत पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. शिकायला यवतमाळ आहे, शेजारच्या वर्ध्यात सेवाग्राम आणि सावंगी आहे, नागपूर आहे. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते आणि नावामागे 'आरएन-आरएम' लागतं. त्याशिवाय सुईला हात लावायचा हक्क नाही, आणि या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा करून १९४७ चा जुना कायदा मागे टाकला.

इथे पालकांना कळकळीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. कॉलेज निवडताना इमारत, बस आणि वसतिगृह पाहता, तसं रुग्णालयही पाहा. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक आहे. एखाद्या मंगळवारी दुपारी तिथल्या वॉर्डात जाऊन उभे राहा. खाटांवर खरोखर माणसं आहेत का, हे डोळ्यांनी बघा. रुग्णच नसतील, तर पोरगी शिकणार कुणाकडून? पुतळ्याची बाहुली टाचणीएवढी होत नाही.

पहिलं वर्ष वाटतं त्याहून अवघड जातं. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीच्या हाती शरीररचनेचं इंग्रजी पुस्तक येतं. सकाळी वॉर्डात खाट करायला शिकायचं. चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही, कारण हालता न येणाऱ्या माणसाच्या पाठीखाली सुरकुतीची जखम होते. अशा रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, टाच बघायची. ही किरकोळ कामं वाटत असतील, तर मुंबईचं केईएम आठवा. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या, पण इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. माझ्या लेखी ही भारतीय नर्सिंगमधली एक मोठी कामगिरी आहे.

मग औषधाचे नियम. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये ओढताना, बाटली परत ठेवताना. विद्यार्थिनींना हे घोकून घोकून कंटाळा येतो. पण ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, पोलिओच्या मोहिमेत बारा बालकांच्या तोंडात लसीऐवजी हँड सॅनिटायझर गेलं. मुलं वाचली. ती बाटली एकदा जरी वाचली असती!

पास झाल्यावर पहिली रात्रपाळी येते. आठ वाजता 'ओव्हर' घ्यायचा. खाटेमागून खाट, केस पेपर, चालू असलेलं सलाईन, किती गेलं, लघवी किती झाली, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट यायचाय. मग वॉर्ड तिच्या ताब्यात. मदतीला एक मामा, एक मावशी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मानकांप्रमाणे शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. सरकारी वॉर्डात ज्यांनी आपलं माणूस ठेवलंय, त्यांनी रात्री किती खाटांमागे किती सिस्टर होत्या, हे आठवून पाहावं. मग पाच-पाच मिनिटांनी पाहायचं हे गणित कसं बसतं, तेही पाहावं. एका रुग्णाची काख तपासेपर्यंत दुसऱ्याची वेळ झालेली असते, आणि पलीकडून तिसऱ्याचा भाऊ ओरडत येतो, "सिस्टर, याले कसंचंच होऊन राह्यलं!" हे 'कसंचंच' कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. आमच्या मातीतली नर्स ते ऐकते, टॉर्च उचलते आणि धावते. आपल्या गावची पोरगी आपल्या वॉर्डात असण्याची किंमत अशा क्षणी कळते.

आणि कितीतरी जणी वॉर्डात नसतातच. त्या उपकेंद्रात असतात. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. कोलामांची पोडं, बंजाऱ्यांचे तांडे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. गर्भवतीचं वजन, बाळाची लस, सिकलसेलची तपासणी, साप चावलेल्याला गाडीत घालून पुढे पाठवणं, सगळं 'नर्सबाई'कडे. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार होती. त्यातल्या पुष्कळांच्या घरी आरोग्य खातं म्हणून आजवर फक्त हीच बाई येऊन गेली आहे.

आता पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं खासगी रुग्णालयांसाठी स्पष्ट शिफारस केली. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार. १०० ते २०० खाटा असतील तर सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्क्यांनी, ५० ते १०० खाटा असतील तर फार तर २५ टक्क्यांनी कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिन्याला २०,००० रुपयांच्या खाली नको. तालुक्याच्या गावातले बहुतेक दवाखाने या शेवटच्या गटातले. तिथे नोकरीला लागणाऱ्या मुलींनी हा आकडा पाठ करावा, आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात अडकू देऊ नयेत. सरकारी नोकरीतही सारं आलबेल नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या. खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीला त्यांचा विरोध होता. तेव्हा रुग्णांच्या हालांवर खूप बोललं गेलं. पण अकरा महिन्यांच्या कागदावर आलेली नर्स वॉर्ड ओळखू लागेपर्यंत तिचा करार संपतो, हे फारसं कुणी बोललं नाही. मान उचलायला सांगण्याचं शहाणपण पुस्तकातून कळतं, पण हातात मुरायला एकाच वॉर्डातली काही वर्षं जावी लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख नर्स आहेत, आणि तरीही त्या कमी पडतात. श्रीमंत देश बोलावतात आणि आपल्या मुली जातात. त्यांना मी दोष देणार नाही. जिथे हाताखाली पाच रुग्ण असतात आणि महिन्याच्या महिन्याला पगार होतो, तिथे माणूस जाणारच.

पण कपाशी इथेच राहणार आहे. दरवर्षी जुलैत यवतमाळच्या शिवारात फवारणीचे पंप पाठीवर चढतात. शासनाने त्याआधी, जूनमध्येच, आमच्या वॉर्डांतली परिचारिकांची रिकामी पदं कायमस्वरूपी भरावीत.