रापाना (सागरी गोगलगाय)

रापाना ही म्यूरिसिडी कुलातील मोठी, मांसाहारी सागरी गोगलगाय आहे. तिचे शास्त्रीय नाव रापाना वेनोसा. जपानचा समुद्र, पीत समुद्र आणि पूर्व चीन समुद्र हे तिचे मूळ स्थान होय. तिचा शंख जाड व करडा-तपकिरी असून मुखाची आतली बाजू गडद नारिंगी असते.

१९४६ मध्ये ती काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्कच्या उपसागरात प्रथम आढळली. तिच्या अंड्यांचे पुंजके जहाजांच्या तळाला चिकटून किंवा कालवांबरोबर तेथे पोहोचले असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

परक्या समुद्रात पोहोचलेले बहुतेक जीव टिकत नाहीत. रापाना मात्र टिकली. पाण्याच्या तापमानातील मोठे चढउतार आणि कमी क्षारता ती सोसू शकते. तिचे डिंभ काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत दूरवर पसरतात. शिवाय तिला खाऊ शकणारे तारामासे काळ्या समुद्राच्या बहुतांश भागात नाहीत, कारण तेथील पाणी त्यांना पुरेसे खारट नाही. म्हणजे भक्ष्य मुबलक आणि शत्रू जवळजवळ नाही, अशी स्थिती तिला आयतीच लाभली.

तिचे मुख्य खाद्य कालवे व शिनाणे (काकई) हे आहे. लहान रापाना शिंपल्याला भोक पाडते; मोठी आपल्या मांसल पायाने शिंपला वेढून त्याच्या कडेतून आतील मांस खाते. अशा रिकाम्या शिंपल्यावर बहुधा कोणतीही खूण उरत नाही, त्यामुळे हानीचे कारण उशिरा ध्यानात येते. कॉकेशसच्या किनाऱ्यावरील गुदाउता येथील कालवांच्या विस्तीर्ण वसाहतीचा ऱ्हास होण्यास ती मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली.

१९७३ मध्ये ती एड्रियाटिक समुद्रात, तर १९९८ मध्ये अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात सापडली. चेसापीकमध्ये तिचे डिंभ जहाजांचा तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून आले असावेत, असे मानले जाते. अशा पाण्याच्या विसर्गावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, पण तो अमलात येण्यास २०१७ साल उजाडले.

काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर रापाना आता केवळ उपद्रवी जीव राहिलेली नाही. १९८० च्या दशकापासून तुर्कस्तानात आणि पुढे बल्गेरियातही ती निर्यातीसाठी पकडली जाऊ लागली. तिचे मांस मुख्यतः जपान व अतिपूर्वेकडील देशांत जाते. गंमत अशी, की तिची मूळ भूमीच तिची गिऱ्हाईक झाली. मात्र ती पकडण्यासाठी तळ खरवडणारी जाळी ओढली जातात आणि त्यांखाली उरलेसुरले शिनाणेही चिरडले जातात. तिच्यावर अनेक मच्छीमार कुटुंबांचा चरितार्थ चालत असल्याने तिचे समूळ उच्चाटन आज तेथे कोणालाच परवडणारे नाही.