दमसास कुठून येतो?

गाणे शिकायला बसलेल्या मुलीला पहिल्या काही महिन्यांतच ऐकायला मिळते, 'पोटातून आवाज काढ.' पोटात हवा जात नाही, हे तिने शाळेत शिकलेले असते. तरीही शिकवणाऱ्या बाई बरोबरच सांगत असतात.

पोट का फुगते

फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नसतात. त्यांना ताणून हवा आत ओढण्याचे बहुतेक काम छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, म्हणजे श्वासपटल, करतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि आतडी-जठर दाबली जाऊन पोट पुढे येते. पोट हलत नसेल आणि खांदेच वर जात असतील, तर श्वास वरच्यावरच चालला आहे असे समजावे. गवई ज्याला दमसास म्हणतात त्याचा पाया हा स्नायू आहे. त्यावरचे कसब मात्र श्वास भरण्यात नसते, तो बेताबेताने सोडण्यात असते.

हवेची भूक कशामुळे लागते

श्वास रोखून धरला की काही वेळाने जीव कासावीस होतो. ऑक्सिजन संपत आल्यामुळे असे होते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात ती हाक मुख्यतः साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. त्याचे प्रमाण जरासे वाढले तरी मेंदूच्या देठातील केंद्र श्वासाचा वेग वाढवते. ऑक्सिजन बराच खाली उतरेपर्यंत ते तितके सावध होत नाही.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून पाहा. निरोगी माणसाचा आकडा एरवीच ९७-९८ असतो. भांडे आधीच भरलेले आहे. म्हणून प्राणायामाने 'शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो' हे सरसकट विधान मला पटत नाही. उलट उगाच भराभर श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात आणि गरगरते. त्यात हिमोग्लोबिनही ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते. डेन्मार्कच्या ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलेला हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घाबरून धाप लागलेल्या माणसाला 'जोरजोरात श्वास घे' म्हणण्यापेक्षा 'सावकाश सोड' म्हणणे हिताचे, ते यासाठीच.

सहा लिटरचा हिशेब

एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली १५० नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. आता मिनिटाला तेवढीच सहा लिटर हवा तीन तऱ्हांनी घेऊ. २५० मिलिलिटरचे २४ उथळ श्वास घेतले तर कामी येते २.४ लिटर. ५०० चे १२ घेतले तर ४.२ लिटर. एक लिटरचे सहाच घेतले तर ५.१ लिटर. मेहनत करून हवा गिळायची आणि निम्म्याहून अधिक वाया घालवायची, असा उथळ श्वासाचा व्यवहार आहे.

मिनिटाला सहाच का

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मनगटाची नाडी धरून शांत बसले तर अनेकांना हे स्वतःलाच जाणवते. रक्तदाबातही सुमारे दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. मिनिटाला सहा श्वास, म्हणजे एकेक श्वास दहा सेकंदांचा, झाला की या दोन्ही लयी जुळतात आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक सुंदर गोष्ट नोंदवली. लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' जपताना, दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो.

आपल्याकडे अशी तपासणी त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. उड्डियान, नौली अशा क्रिया त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासल्या. परंपरेवर प्रेम असूनही ती मोजून पाहण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

विहिरीतली पैज

मे महिन्यात विहिरीवर पोहणारी मुले पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो याची पैज लावतात. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतला की जास्त टिकता येते, हे त्यांना ठाऊक असते. त्याचे कारण मात्र घातक आहे. ऑक्सिजनचा साठा त्याने फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड खूप घटतो. त्यामुळे 'वर ये' ही हाक उशिरा येते, आणि ती येण्याआधीच ऑक्सिजन संपून मूल बेशुद्ध होऊ शकते, तेही धडपड न करता. काठावरच्यांना ते अजून पैजच खेळत आहे असे वाटते. पोहायला शिकवताना पहिल्याच दिवशी हे सांगायला हवे.

धावणाऱ्याचा दम

सरावाने प्रौढ माणसाची फुप्फुसे फारशी मोठी होत नाहीत. श्वासाचे स्नायू मात्र बळकट होतात. जोराच्या व्यायामात ते थकले की पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पाय जड पडतात. म्हणून काही खेळाडू अडथळ्याविरुद्ध श्वास ओढायचे छोटे उपकरण वापरतात.

सुरुवात

पाठ ताठ ठेवून बसा. नाकाने चार सेकंद श्वास घ्या, सहा सेकंद सोडा. पाच मिनिटे पुरेत. गरगरले तर थांबा. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, आणि जोराची कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दमा असलेल्यांनी इनहेलर बंद करू नये. ज्यांना आकडे मोजत बसणे जमत नाही त्यांनी तंबोरा लावून खर्जातला सा धरावा. श्वास सावकाश सोडण्याचा सराव त्यातही होतो.