प्राप्तिकर विभागाचे ई-फायलिंग संकेतस्थळ

प्राप्तिकर विभागाचे ई-फायलिंग संकेतस्थळ हे भारतातील करदात्यांना विवरणपत्र भरणे, परताव्याची मागणी करणे, नोटिशीला उत्तर देणे आणि तक्रार नोंदवणे यांसाठी उपलब्ध असलेले अधिकृत संकेतस्थळ आहे. त्याची सध्याची आवृत्ती ७ जून २०२१ रोजी सुरू झाली. विवरणपत्रांवरील प्रक्रिया वेगवान होण्यात संगणकीकरणाचा वाटा मोठा आहे. तथापि संकेतस्थळातील बिघाड, तक्रार निवारणातील दिरंगाई आणि उत्तरदायित्वाविषयीची संदिग्धता यांमुळे करदाते व सनदी लेखापाल यांच्यात वेळोवेळी नाराजी व्यक्त झाली आहे. कायद्याने दिलेला हक्क संगणकाची आज्ञावली नाकारत असेल तर दाद कोणाकडे मागायची, हा या नाराजीच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

२००६ पासून कंपन्यांना विवरणपत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरणे सक्तीचे झाले. पुढे ही सक्ती टप्प्याटप्प्याने इतर करदात्यांनाही लागू करण्यात आली. २००९ मध्ये बंगळुरू येथे केंद्रीकृत प्रक्रिया केंद्र सुरू झाले. तेथे विवरणपत्रातील आकडे संगणकाद्वारे पडताळून परतावा किंवा मागणी निश्चित केली जाते.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-फायलिंग व प्रक्रिया केंद्र यांच्या एकत्रित नव्या प्रकल्पास मान्यता दिली. त्याचा मंजूर खर्च सुमारे ४,२४२ कोटी रुपये होता. खुल्या निविदेद्वारे हे काम इन्फोसिस या कंपनीकडे गेले. विवरणपत्रावरील प्रक्रियेचा ६३ दिवसांचा कालावधी एका दिवसावर आणणे, हे प्रकल्पाचे घोषित उद्दिष्ट होते.

२०२१ मधील बिघाड

१ ते ६ जून २०२१ या काळात जुने संकेतस्थळ बंद ठेवून नवे सुरू करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विटरवरून इन्फोसिसचे नंदन नीलेकणी यांना उद्देशून तक्रारींची दखल घेण्यास सांगितले. त्यानंतरही अडचणी सुरूच राहिल्या. परदेशी रक्कम पाठवताना लागणारे १५सीए व १५सीबी हे नमुने काही काळ कागदावर भरून बँकेकडे देण्याची मुभा द्यावी लागली. २१ ऑगस्ट रोजी संकेतस्थळ पूर्णतः बंद पडले. २३ ऑगस्ट रोजी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांना अर्थ मंत्रालयात पाचारण करण्यात आले आणि दोष दूर करण्यासाठी १५ सप्टेंबरपर्यंतची मुदत देण्यात आली.

वैयक्तिक विवरणपत्रांची ३१ जुलैची मुदत प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत व नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. मात्र मुदतवाढ जाहीर झालेली असूनही आज्ञावलीने काही करदात्यांकडून विलंब शुल्क व व्याज आकारले. ही चूक सुधारल्याचे आणि जादा घेतलेली रक्कम परत करण्यात येईल, असे विभागाने ऑगस्टमध्ये जाहीर केले. मंडळाचा आदेश एक आणि यंत्राचा हिशेब दुसरा, असा विसंवाद येथे प्रथमच ठळकपणे समोर आला.

चेहराविरहित करनिर्धारण

७ ऑक्टोबर २०१९ पासून करदाता व अधिकारी यांची प्रत्यक्ष भेट टाळणारी चेहराविरहित करनिर्धारण पद्धत सुरू झाली. अधिकाऱ्याची मनमानी व भ्रष्टाचार यांना आळा घालणे, हा तिचा हेतू होता. १३ ऑगस्ट २०२० रोजी करदात्यांची सनद जाहीर झाली. सौजन्यपूर्ण वागणूक, वेळेवर निर्णय आणि तक्रारीची यंत्रणा यांची हमी तीत आहे.

या पद्धतीत प्रकरण हाताळणारा अधिकारी करदात्यास अज्ञात असतो. त्यामुळे गुंतागुंतीची बाब समजावून सांगण्याचा मार्ग अरुंद होतो, अशी टीका झाली. सुनावणीची संधी न देता काढलेले अनेक आदेश विविध उच्च न्यायालयांनी रद्द केले. २०२२ च्या वित्त अधिनियमाने संबंधित कलम १४४ब ची फेररचना करून, करदात्याने मागणी केल्यास दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणी देण्याची तरतूद केली.

कलम ८७अ विषयीचा वाद

आज्ञावली व कायदा यांच्यातील संघर्षाचे महत्त्वाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात चालले. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ मध्ये नव्या करप्रणालीखाली ७ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीस कलम ८७अ नुसार २५,००० रुपयांपर्यंत करसूट मिळू शकत होती. ५ जुलै २०२४ रोजी विवरणपत्राच्या आज्ञावलीत बदल झाला. त्यानंतर शेअर विक्रीवरील अल्पकालीन भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरील करासाठी ही सूट मागण्याची सोयच उरली नाही.

मुंबईतील चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या संस्थेने याविरुद्ध जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर सुधारित व विलंबित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. जानेवारी २०२५ मधील अंतिम निकालात, करदात्यास सूट मागता येईल असा बदल आज्ञावलीत करण्याचे निर्देश देण्यात आले. सूट प्रत्यक्षात देय आहे की नाही, याचा निर्णय न्यायालयाने केला नाही. तो कायदेशीर कार्यवाहीत अधिकाऱ्यांनी करावयाचा आहे. मागणी फेटाळणे आणि मागणीच करू न देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद या निकालामुळे अधोरेखित झाला. फेटाळलेल्या मागणीवर अपील करता येते; करताच न आलेल्या मागणीबाबत तो मार्गही खुंटतो.

मूल्यमापन

२०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातील माहितीनुसार विवरणपत्रावरील प्रक्रियेचा सरासरी कालावधी २०१३-१४ मधील ९३ दिवसांवरून १० दिवसांवर आला. साधे वेतन असलेल्या आणि परतावा लवकर मिळालेल्या करदात्यासाठी ही सुधारणा निर्विवाद आहे. अडचण येते ती अपवादात्मक प्रकरणांत. कंत्राटदार कंपनी आज्ञावली लिहिते, मंडळ नियम ठरवते आणि मंत्रालय धोरण आखते; या तिघांपैकी चुकीचे उत्तरदायित्व नेमके कोणाचे, हे सामान्य करदात्यास कळत नाही. दंड व व्याज मात्र त्यालाच सोसावे लागते.

२०२५ मध्येही विवरणपत्रांच्या नमुन्यांतील बदल व आज्ञावली सज्ज करण्यास लागणारा वेळ यांमुळे ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत आणि अखेरीस आणखी एक दिवस वाढवण्यात आली. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाची जागा घेणारा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा कायदा आहे. सुलभ भाषा हे त्याचे उद्दिष्ट सांगितले जाते; त्याचा लाभ करदात्यास मिळणे हे त्या भाषेशी आज्ञावली कितपत सुसंगत राहते, यावरही अवलंबून आहे.