‘कंप्युटर उडालाय’: जुन्या व्हॅनच्या विजेबद्दलचे गैरसमज

खंबाटकी घाट चढताना रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या ओम्नीचे दिवे पिवळे पडले. मग वायपर रेंगाळू लागला आणि वरचं वळण जेमतेम दिसू लागलं तेवढ्यात इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली. सेल्फ मारला तर नुसतं ‘टक’. मागच्या सीटवरून आईने गणपतीचं नाव घ्यायला सांगितलं. घेतलं. पुन्हा ‘टक’.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नेली त्या गॅरेजमधला मुलगा चांगला होता, पण घाईत होता. मीटर न लावताच त्याने निकाल दिला : “काका, कंप्युटर उडालाय. जुन्या गाडीत असं अचानक होतं. सेकंडहॅन्ड बघू का?” त्या एवढ्याशा बोलण्यात तीन गैरसमज होते. बिघाड अचानक झाला, तो कंप्युटरचा आहे, आणि गाडीचं वय हेच त्याचं कारण. महाराष्ट्रात शाळेची मुलं, भाजीचे क्रेट आणि केटरिंगची पातेली वाहणाऱ्या व्हॅन याच तीन समजांपायी नको तो खर्च सोसत असतात.

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत वीज म्हणजे बॅटरी, डायनामो, कॉइल, दिवे आणि हॉर्न. (गॅरेजात अजून डायनामोच म्हणतात, असतो तो अल्टरनेटर.) पुढे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं एमपीएफआय आलं तसे पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, सेन्सर आणि त्यांचा हिशेब ठेवणारं ईसीयू, म्हणजे गॅरेजवाल्यांचा ‘कंप्युटर’, आले. २०१० साली आलेली ११९६ सीसीची ईको तर जन्मापासूनच या घराण्यातली. म्हणजे आज पंधरा वर्षांची नोंदणी संपवून पुढची पाच वर्षं वाढवून घेतलेल्या कित्येक व्हॅनमध्ये ईसीयू आहे, आणि ‘जुनी गाडी म्हणजे पक्कड-पान्ह्याची गाडी’ हे आता खरं राहिलेलं नाही.

पण म्हणून प्रत्येक बिघाड त्या डब्यातलाच, हेही खरं नाही. ईसीयूमध्ये हलणारा एकही भाग नसतो. त्याच्याकडे येणाऱ्या वायरी मात्र हलतात, तापतात, भिजतात. त्यांचे कपलर सैल होतात, आतल्या पिना काळ्या पडतात. ईसीयू बॅटरीकडून बारा व्होल्ट घेऊन बहुतेक सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतं. मुळात त्यालाच पुरेसा दाब मिळाला नाही, तर ते गोंधळतं किंवा बंद पडतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते मेल्यासारखंच दिसतं. खरोखर मरायला त्याला बहुधा निमित्त लागतं : आत शिरलेलं पाणी, उलटी जोडलेली बॅटरी, टर्मिनल न काढता केलेलं वेल्डिंग. असं काही घडलं नसेल तर ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

एक सोपी खूण आहे. चावी ‘ऑन’ केली की चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागतच नसेल तर ईसीयूपर्यंत वीज पोचते का हे आधी पाहायचं : फ्युज, मेन रिले, अर्थिंग. किंवा बल्ब गेलेला असेल. किंवा गाडी विकताना कुणीतरी तो काढून ठेवला असेल. सेकंडहॅन्ड बाजारात ही क्लृप्ती जुनी आहे.

उलटा गैरसमजही तितकाच महागडा : दिवा लागला, स्कॅनर जोडला, कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं, म्हणून सेन्सर बदलला. भारतात बीएस-४ या उत्सर्जन-मानकाच्या काळात, २०१० नंतर, नव्या गाड्यांवर अशी स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा बंधनकारक होत गेली. बीएस-४ आधी तेरा शहरांत लागू झालं आणि त्यांत मुंबई-पुण्यासोबत सोलापूरही होतं. पण कोड सांगतो ते लक्षण, निदान सांगत नाही. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. मॅनिफोल्डजवळचा फाटका रबरी पाइप हवा खेचत असेल, फिल्टर तुंबला असेल, पंपाला दाब कमी मिळत असेल. चढलेला ताप थर्मामीटर सांगतो, म्हणून कुणी थर्मामीटरलाच औषध पाजत नाही.

आता घाटातल्या गोष्टीकडे. शिरवळच्या एका म्हाताऱ्या वायरमनने गाडी पाहिली. त्याने पहिला प्रश्न विचारला, “बंद पडायच्या आधी काय काय मंद झालं?” मी सांगितलं : दिवे, वायपर, मग इंजिन. त्याने मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवली, लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि मला सेल्फ मारायला लावला. मीटरवर १.८ व्होल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टाच्या आत आकडा दिसायला हवा. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजून हिरवी झाली होती. चढावर इंजिन ओढ घेतं तसं आपल्या माउंटिंगवर मागेपुढे हलतं. तेवढ्या हलण्याने राहिलेला धागाही सुटला. डायनामो वीज बनवत होता, पण ती परत यायला रस्ता नव्हता. सगळी गाडी बॅटरीवर चालली आणि बॅटरी उपाशी मेली. पट्टी बदलली, जागा पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला. कंप्युटर होता तिथेच आहे.

गाडीत वीज जाण्याचा रस्ता वायरचा, येण्याचा रस्ता बहुतेक वेळा पत्र्याचा, हे आपण विसरतो. लाल वायर सगळे तपासतात, काळी कुणी पाहत नाही. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा हलतो, दोन मीटर एकाच वेळी वेडे होतात : अशी ‘भुताटकी’ दिसली की एकाच बिघडलेल्या अर्थिंगवर अनेक वस्तू लोंबकळताहेत असं समजावं. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांत खारी हवा हे काम लवकर करते, पण घाटमाथ्यावरचा चार महिन्यांचा पाऊसही काही कमी नाही.

“बॅटरी तर दिवाळीत नवी टाकलीय,” हे वाक्य मी स्वतः अनेकदा म्हटलंय. नवी असणं आणि भरलेली असणं या वेगळ्या गोष्टी. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ च्या खाली जवळपास रिकामी. सेल्फ मारताना दाब पडतोच, पण साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवं. १३ च्या खाली असेल तर डायनामो भरत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळवतोय. हे आकडे मोजायला काही शे रुपयांचा मीटर पुरतो. एका चुकीच्या सेन्सरपेक्षा तो स्वस्त पडतो.

याच तपासणीची एक जुनी पद्धत मात्र कायमची सोडून द्यावी. “इंजिन चालू ठेव, बॅटरीचं टर्मिनल काढ. गाडी चालू राहिली तर डायनामो ठीक.” जुन्या, खऱ्याखुऱ्या डायनामोच्या आणि कार्ब्युरेटरच्या काळात हे चालून गेलं. आज इंजिनामागे अल्टरनेटर आणि ईसीयू आहेत. अल्टरनेटर भरत असताना बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरमध्ये साठलेली चुंबकीय ऊर्जा बाहेर फेकली जाते. संरक्षण नसलेल्या बारा व्होल्टच्या यंत्रणेत हा झटका सेकंदाच्या काही अंशांपुरता ८० ते १०० व्होल्टपर्यंत चढू शकतो. अल्टरनेटरचे डायोड, रेडिओ, ईसीयू, कुणाचाही बळी जाईल. कंप्युटर खरोखर उडवायचा असेल तर हा हमखास उपाय. टर्मिनल सैल असलेली गाडी खड्ड्याखड्ड्यांतून चालवणं म्हणजे हाच प्रयोग थोड्या प्रमाणात करणं होय.

फ्युजचं प्रकरण घराघरांतलं. दहाचा लाल फ्युज सारखा उडतो, म्हणून कुणीतरी विसाचा पिवळा बसवतो आणि ‘प्रॉब्लेम सुटला’ म्हणतो. फ्युज बल्बला वाचवायला नसतो, तो वायरला वाचवायला असतो. त्या वायरची जाडी दहा अँपिअरच्या हिशेबाने निवडलेली असते. विसाचा फ्युज शांत बसतो आणि डॅशबोर्डमागे वायरचं प्लास्टिक वितळू लागतं. सिगारेटच्या चांदीचा कागद गुंडाळणारे तर आणखी थोर. फ्युज उडतो म्हणजे कुठेतरी वायर पत्र्याला घासतेय किंवा मोटर जाम होतेय. ते शोधण्यासाठीच तो उडत असतो.

हेडलाइटचंही तेच. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॉटचा. बाजारात १००/९० चे मिळतात आणि घाटात ते छान वाटतात. बारा व्होल्टवर दोन बल्बांचा प्रवाह दहा अँपिअरवरून सोळा-सतरावर जातो. वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे त्याच वायरमध्ये पावणेतीन पट उष्णता. आधी होल्डर तपकिरी होतो, मग स्विच, मग फ्युजबॉक्स. वेगळा रिले आणि जाड वायर टाकली तरी होल्डर आणि परावर्तक तापतातच, आणि समोरून येणारा आंधळा होतो तो होतोच. माझा याला विरोध आहे आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

धक्का-स्टार्ट? कार्ब्युरेटरच्या ओम्नीत चार पोरं आणि एक उतार पुरे. एमपीएफआयमध्ये बॅटरी अगदी मेलेली असेल तर पंपाला आणि ईसीयूला उठायलाच वीज नाही, मग ढकलून घाम तेवढा निघतो. बॅटरीत थोडी धुगधुगी असेल तर सुरू होईल, पण न जळलेलं पेट्रोल कॅटालिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, म्हणून फार वेळ ढकलू नये.

‘गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, त्यात काय’ यातही अर्धंच तथ्य आहे. सगळं बंद असताना काही मिलीअँपिअर जातातच, ५० च्या आत असतील तर चिंता नको. पण टेप, अलार्म किंवा मागून बसवलेला जीपीएस अर्धा अँपिअर पीत असेल तर ३५ अँपिअर-अवरची लहान बॅटरी तीन दिवसांत कोरडी होते. मीटर मालिकेत जोडून एकेक फ्युज काढत गेलं की चोर सापडतो. माझ्या बाबतीत तो मागच्या दारातला दिवा होता. दार बंद झाल्यावरही तो जळत असे, आणि ते पाहायला आत बसून दार लावून घ्यावं लागलं.

जुन्या सीएनजी-एलपीजी किटच्या व्हॅनमध्ये पहिला संशय किटच्या वायरिंगवर घ्यावा. वायर सोलायची, दुसरी पिळायची, काळी टेप गुंडाळायची, की झाला जोड! दोन पावसाळ्यांत टेपचा गोंद सुटतो आणि आत तांबं हिरवं पडतं. उंदरांनाही इंजिनाची ऊब आणि सीटखालची जागा आवडते. तंबाखूची पुडी ठेवून ते जातात असं म्हणतात. आमच्याकडच्या उंदराने पुडीसकट वायर खाल्ली.

‘गरम झाली की बंद पडते, गार झाली की चालू होते’ ही तक्रार ऐकली की लोक एकदम रेडिएटरकडे धावतात. काटा मधेच असेल तर क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा पंपाचा रिले पाहा. बारीक तारेच्या वेटोळ्यातली केसाएवढी चीर तापल्यावर उघडते आणि निवल्यावर पुन्हा टेकते. गॅरेजात पोचेपर्यंत गाडी निवते, म्हणून तिथे सगळं ‘ओके’ सापडतं आणि मालक खोटा ठरतो.

यासाठी त्या वायरमनने मला एक वही ठेवायला सांगितली. काय बदलायचं ते मिस्त्रीला सांगायचं नाही, काय झालं ते सांगायचं. वहीत तारीख, ऊन की पाऊस, चढ की सपाट, कोणते दिवे चालू होते, आधी काय मंद झालं. गेल्या आषाढातल्या तीन नोंदी अशा आहेत : ‘पाऊस. डावा इंडिकेटर भराभर.’ ‘पाऊस नाही. ठीक.’ ‘पाऊस. डावा इंडिकेटर भराभर, हॉर्न बसला.’ त्या वाचून त्याने गाडीकडे न बघताच डाव्या हेडलाइटमागचा कपलर काढून आणायला सांगितला. उघडला तेव्हा त्यातून चमचाभर पाणी सांडलं.