वजन कोणाचे, शिक्षा कोणाला?

कारेगावला लागूनच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. पुणे-नगर रस्त्याने महागणपतीच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाने तिथल्या कारखान्यांच्या रांगा पाहिलेल्या असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतले ‘एमडी’, पकडले. तपासाचा धागा रांजणगावातल्या एका कारखान्यापर्यंत पोचला आणि तिथे शंभर किलोंहून अधिक माल तयार झाल्याचे पोलिसांनी सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या दौंड तालुक्यातले कुरकुंभ गाजले. त्या प्रकरणात पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली येथून सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन जप्त केले.

हाती लागले वीस किलो आणि बनले म्हणतात शंभराहून अधिक. अशा वेळी आरोपीच्या माथी कोणते वजन मारायचे? अमली पदार्थांच्या खटल्यांत शिक्षेचे सारे गणित या प्रश्नाभोवती फिरते.

१९८५ चा एनडीपीएस कायदा आला तेव्हा स्वतःच्या सेवनापुरत्या अल्प मात्रेला सवलत होती. बाकीच्या बहुतेक गुन्ह्यांना मात्र किमान दहा वर्षे, मग माल चिमूटभर असो वा पोतेभर. ऑक्टोबर २००१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मात्रेचे तीन टप्पे केले. अल्प मात्रेला आज कमाल एक वर्ष. मधल्या मात्रेला कमाल दहा वर्षे, पण किमान मर्यादा नाही. व्यावसायिक मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यावसायिक. हेरॉइनसाठी हे आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम आहेत, मेफेड्रोनसाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. व्यावसायिक मात्रा असली की कलम ३७ आडवे येते. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर पडून पुन्हा तसा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. निकाल लागायच्या आधीच माणूस कित्येक वर्षे आत राहतो, तो या कलमामुळे.

आता एक पुडी घ्या. ६० ग्रॅम पावडर, त्यात मेफेड्रोन फक्त दहा ग्रॅम, बाकी भेसळ. २००८ मध्ये ई. मायकेल राज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, वजन शुद्ध अमली पदार्थाचेच धरायचे. त्या खटल्यात चार किलोंहून अधिक पावडर सापडली होती, पण हेरॉइनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. त्यामुळे हिशेबात साठेक ग्रॅमच आले आणि प्रकरण मधल्या टप्प्यात गेले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायला सांगितले. पुढे २२ एप्रिल २०२० रोजी हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मायकेल राजचा निकाल चुकीचा ठरवला. वरच्या पुडीला जुन्या हिशेबाने किमान शिक्षाच नव्हती. आज तिला किमान दहा वर्षे आहेत.

रस्त्यावर माल विकला जातो तो भेसळीचाच, सेवन करणाऱ्याच्या पोटात जाते तेही मिश्रणच, हा यामागचा युक्तिवाद मला समजतो. तरीही त्याचा परिणाम मला अस्वस्थ करतो. कारखान्यातून निघालेला माल जसजसा खाली येतो तसतशी त्यात भर पडत जाते. म्हणजे तेवढ्याच मूळ मालाचे वजन साखळीच्या शेवटच्या माणसाजवळ सर्वांत जास्त भरते. शिवाय ५१ ग्रॅमवाला आणि पाचशे किलोवाला, दोघांची किमान शिक्षा तीच दहा वर्षे. किमानाच्या वर किती जायचे हे ठरवताना न्यायाधीश मात्रा लक्षात घेऊ शकतो, हे रफीक कुरेशी (२०१९) आणि गुरदेव सिंग (२०२१) या निकालांनी स्पष्ट केले. गुरदेव सिंगकडे एक किलो हेरॉइन होते आणि त्याची पंधरा वर्षांची शिक्षा कायम राहिली. म्हणजे वर चढायला जिना आहे, खाली उतरायला नाही.

कागदाचीही हीच गत. एलएसडीचे थेंब टिपकागदावर असतात आणि कागद औषधापेक्षा कितीतरी जड. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चॅपमन खटल्यात कागदासकट वजन धरले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे यांनीही कागद वजनात धरला.

राहिला बेरजेचा प्रश्न. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत शिक्षा ठरवताना फक्त जप्त माल पाहत नाहीत. त्याच व्यवहाराचा भाग असलेला, पण हाती न लागलेला मालही पुराव्यानिशी मोजतात. चाकण-रांजणगावसारख्या प्रकरणात तिथे शंभर किलोंचा हिशेब मांडला गेला असता. आपल्याकडे वीस किलोच व्यावसायिक मर्यादेच्या कैक पटींनी वर असल्याने टप्पा बदलत नाही. खरा वाद होतो तो छोट्या जप्तीत, जिथे दोघांच्या मालाची बेरीज केल्यावरच रेषा ओलांडली जाते. गुजरातच्या अमरसिंग बारोट खटल्यात दोघांजवळ वेगवेगळा माल सापडला आणि उच्च न्यायालयाने तो एकत्र धरला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कलम २९ खालचा कट सिद्ध झाल्याशिवाय बेरीज करता येत नाही. बारोटला त्याचा लाभ मात्र झाला नाही. त्याच्याकडचे ९२० ग्रॅम अफूजन्य पदार्थ म्हणून एकट्यानेच व्यावसायिक ठरले. २०२१ च्या मुंबई क्रूझ प्रकरणातही तपास यंत्रणेने सर्व आरोपींचा माल एकत्र मोजावा असे म्हटले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. नितीन सांब्रे यांना जामिनाच्या टप्प्यावर कटाचा पुरावा दिसला नाही.

कारेगावात हे पुस्तकी राहत नाही. वसाहतीत कामाला आलेली बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाड्याकडची मुले एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. अशा खोलीत कोनाड्यात एक पुडी, पेटीत दुसरी निघाली, तर एकेकट्याची मात्रा मधली आणि सर्वांची मिळून व्यावसायिक होऊ शकते. एका छताखाली राहणे म्हणजे कट नव्हे. पण ते न्यायालयात मांडायला पंचनाम्यात कोणती पुडी कुठे सापडली, कोणाच्या सामानात होती, तिचे वेगळे वजन किती भरले, हे जागेवरच लिहिलेले असावे लागते. कलम ५२-अ नुसार नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढायचे असतात. त्याआधीच साऱ्या पुड्या एका पिशवीत ओतल्या गेल्या, तर कोणाचे किती हे नंतर कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता येणार नाही.