अक्षरमालेची प्रत आणि स्मृतीचा हिशेब

लखनौ शहरातील वस्त्यांची नावे एकेक करून वाचणारी व त्यांची यादी ठेवणारी एक आज्ञावली 'सी' ह्या भाषेत लिहिली आहे, असे समजू. ही भाषा डेनिस रिची ह्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केली. आज्ञावलीने वाचलेले प्रत्येक नाव संगणकाच्या स्मृतीत एका ठराविक जागी उतरते. तेथे प्रथम 'महानगर' हे नाव आले. यादीत त्या जागेचा केवळ पत्ता नोंदविला, तर पुढे 'अलीगंज' हे नाव त्याच जागी येताच पहिली नोंदही 'अलीगंज' असेच दाखवू लागते. पत्त्याची नक्कल म्हणजे नावाची नक्कल नव्हे. म्हणून प्रत्येक नावासाठी स्वतंत्र जागा घेऊन त्याची प्रत करावी लागते.

ही जागा किती घ्यावयाची? 'महानगर' ह्या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. परंतु काना वेगळा साठविला जात असल्यामुळे संगणकाच्या लेखी चिन्हे सहा होतात. आज प्रचलित असलेल्या 'यूटीएफ-८' ह्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे एकूण १८. शिवाय अक्षरमाला कोठे संपली हे दर्शविण्यासाठी 'सी' भाषेत शेवटी एक शून्य बाइट असतो. लांबी मोजणारी 'स्ट्रलेन' ही आज्ञा तो हिशेबात धरीत नाही. अर्थात् प्रतीसाठी १८ नव्हे, तर १९ बाइट हवेत.

एक बाइट कमी घेतला, तर शेवटचे शून्य शेजारच्या जागेवर पडते व तेथील माहिती बिघडू शकते. जागा न मोजता मजकूर भरून घेण्याच्या एका दोषाचा लाभ घेऊनच १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये 'मॉरिस वर्म' इंटरनेटवरील अनेक संगणकांत शिरला होता.

'स्ट्रडप' ही आज्ञा मोजणी, जागेची मागणी आणि नक्कल ही तिन्ही कामे एकदम करते. युनिक्स परंपरेत ती पूर्वीपासून रूढ होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सी'च्या आंतरराष्ट्रीय मानकात तिचा समावेश झाला. स्मृती शिल्लक नसल्यास ती रिकामा पत्ता देते. तो तपासल्यावाचून पुढे जाऊ नये.

घेतलेली जागा 'सी' भाषा आपण होऊन मोकळी करीत नाही. काम संपल्यावर 'फ्री' ह्या आज्ञेने ती परत करावी लागते. तसे न केल्यास अडलेल्या जागा साचत जातात व दीर्घकाळ चालणाऱ्या आज्ञावलीस स्मृती अपुरी पडते. उलट, परत केलेली जागा पुन्हा वाचणे किंवा दुसऱ्यांदा परत करणे हेही तितकेच घातक होय; कारण एव्हाना ती दुसऱ्या कामास दिली गेलेली असू शकते. सारांश, प्रत्येक प्रतीची जागा मोजून घ्यावी आणि एकदाच परत करावी.