वाकोल्याच्या गिरणीवाल्याने काय करावे?

मुंबई शहराच्या इमारत-परवानगीच्या कारभारात एक कागद असा आहे की, ज्याचे नाव ऐकून परक्या माणसाला हसू फुटावे आणि मुंबईकराला मात्र घाम फुटावा. बांधकामाचा नकाशा महापालिकेला पसंत पडला म्हणजे अर्जदाराच्या हाती जो कागद पडतो, त्याला ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’ असे म्हणतात. सरळ मराठीत सांगावयाचे तर, नापसंतीची सूचना! ‘मुलगी पसंत नाही’ असे पत्र वराकडून यावे आणि वधुपित्याने त्याच पत्राला हळदकुंकू वाहून मांडव घालावा, असा हा प्रकार आहे.

हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाही. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या पोटातून तो जन्मला आहे. त्या कायद्याच्या कलम ३३७ अन्वये, ज्याला इमारत बांधावयाची असेल त्याने आयुक्तांना तशी नोटीस द्यावयाची. कलम ३४५ अन्वये, आयुक्तांनी तीस दिवसांत नापसंती न कळविल्यास त्याने नियम पाळून खुशाल काम सुरू करावयाचे. आणि आयुक्तांनी नापसंती कळविलीच, तर कोणत्या अटी पाळल्या असता काम पुढे नेता येईल हे कलम ३४६ प्रमाणे त्यांनी सांगावयाचे. वाचक हो, हे नीट ध्यानात घ्या. नागरिक आपल्या जमिनीवर घर बांधणार हे कायद्याने गृहीत धरलेले होते. ज्याला हरकत असेल त्याने ती मुदतीत दाखवावी, एवढाच कायद्याचा आग्रह होता. पुढे १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला आणि त्याने बांधकाम आरंभण्याची वेगळी परवानगी आणली. त्याच्याही कलम ४५ मध्ये साठ दिवसांची मुदत आहे. त्या मुदतीत उत्तर आले नाही आणि नकाशा नियमांत चोख बसत असला, तर परवानगी मिळाली असे समजावयाचे. म्हणजे दोन्ही कायद्यांनी मौनाला संमती मानले आहे. परंतु त्या मौनावर विसंबून कोणी पायाची वीट रचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारण मुदत संपण्यापूर्वी एखादी शंका काढली की साठ दिवसांची मोजणी अर्जदाराच्या उत्तरापासून पुन्हा आरंभते, आणि शंका काढण्याला कोठे पैसे पडतात?

या विषयावर लिहिण्याचे आज कारण असे झाले की, आमचा एक जुना विद्यार्थी परवा आमच्याकडे आला. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा हा पोरगा मागच्या बाकावर बसे आणि भूमितीत हटकून नापास होई. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले आहेत. वाकोल्यात त्याची पिठाची गिरणी आहे. आजोबांनी घेतलेली जमीन, वर पत्र्याचे छप्पर, समोर दोन फळ्यांचा ओटा. त्याला पत्रे काढून पक्के बांधावयाचे आहे. खाली गिरणी, वर एक मजला. त्यात पोती ठेवावी आणि एक बाजू शेजारच्या शिंप्याला भाड्याने द्यावी, इतकीच त्याची महत्त्वाकांक्षा. कोणत्या कचेरीच्या कोणत्या खिडकीने त्याला किती वेळा परत पाठविले, हे येथे सांगण्याचे कारण नाही. त्याने आम्हांला एवढेच विचारले, “सर, तुम्हीच सांगा, परवानगी घेऊन बांधू, की ताडपत्री लावून?”

ताडपत्री लावून म्हणजे काय, हे उपनगरातल्या वाचकाला समजावून सांगावयास नको. साध्या डागडुजीला परवानगी लागत नाही. म्हणून समोर ताडपत्री सोडावयाची, आत डागडुजी चालली आहे असे सांगावयाचे आणि आठ-पंधरा रात्रींत भिंती, खांब व पोटमाळा उभा करून ताडपत्री उतरवावयाची. हा मार्ग जलद आहे. त्याला नकाशा लागत नाही, आर्किटेक्ट लागत नाही, खांबात लोखंड किती हे कोणी विचारीत नाही. ज्या शहरात कायदेशीर मार्ग वर्षाचा आणि बेकायदा मार्ग पंधरवड्याचा, तेथे मागच्या बाकावरच्या मुलालाही उत्तर काढता येते. आम्हांला मात्र त्या दिवशी ते देता आले नाही, आणि याची आम्हांस लाज वाटली.

वाकोला ही जागाच अशी चमत्कारिक आहे की, परवानगीच्या शास्त्राचा अभ्यास करणाऱ्याने येथे बिऱ्हाड करावे. जुने गावठाण, सेंट अँथनीचे चर्च, बैठ्या चाळी, झोपडवस्ती, महामार्गाच्या कडेचे पंचतारांकित हॉटेल, आणि डोक्यावरून घरघरत जाणारी विमाने. झोपडपट्टी पुनर्विकासाची योजना असली तर नियोजन प्राधिकरण वेगळे. चालत जाण्याच्या अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुल लागले की तेथे १९७७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे राज्य. उरलेल्या ठिकाणी महापालिका. विमानतळ जवळ म्हणून उंचीचा प्रश्न. केंद्राच्या २०१५ च्या नियमांनी रंगीत नकाशे आणले, आणि नकाशातील मर्यादेच्या आतल्या इमारतीला स्थानिक संस्थेने परस्पर परवानगी द्यावी असे ठरविले, हे चांगले झाले; परंतु धावपट्टीलगतच्या तांबड्या पट्ट्यात जो सापडला त्याला एका मजल्यासाठीही विमानतळ प्राधिकरणाकडे जाणे आले. त्यात पुन्हा वाकोला नाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला, तेव्हा मिठी नदीला मिळणाऱ्या या नाल्याने काय केले हे येथील म्हातारी माणसे अजून सांगतात. नाल्यापासून अंतर सोडा, हा नियम कोणाही शहाण्या माणसाने मोडू नये. परंतु हे सर्व एका गिरणीवाल्याने कागदोपत्री सिद्ध करावयाचे! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात. येथे नकटीचा बाप विघ्ने मोजता मोजता थकून जातो.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे १ एप्रिल १९६२. त्या तारखेपूर्वीपासून उभे असलेले व्यापारी बांधकाम महापालिका सहन करते, पाडीत नाही. निवासी बांधकामासाठी हीच तारीख १७ एप्रिल १९६४ आहे. त्यामुळे जुना दुकानदार बापजाद्यांच्या तसबिरीपेक्षा १९६१ ची करपावती अधिक जपतो. आमच्या विद्यार्थ्याने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. मोडकळीस आलेले जुने पत्र्याचे छप्पर जोवर तसेच आहे तोवर त्याला संरक्षण; सुरक्षित करण्यासाठी ते उतरविले की संरक्षण धोक्यात. पडके ठेवण्यास उत्तेजन आणि सुधारण्यास दंड, अशी ही नीती आहे.

मुंबईत परवानगी जलद देताच येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. देता येते, आणि ती देऊन दाखविलेली आहे. फक्त कोणासाठी, हे पाहण्यासारखे आहे. जागतिक बँक दरवर्षी देशोदेशींच्या व्यवसाय-सुलभतेचा एक अहवाल काढीत असे. त्यात बांधकाम-परवानगीची परीक्षा घेण्यासाठी बँकेने एक काल्पनिक इमारत ठरविली होती. ती इमारत म्हणजे एक दुमजली गोदाम. भूखंड सुमारे दहा हजार चौरस फुटांचा, संपूर्ण मालकीचा. बांधकाम चौदा हजार चौरस फूट. आणि आत ठेवावयाचे काय, तर पुस्तके आणि लेखनसाहित्य! आम्ही मास्तरकी केलेली असल्यामुळे त्या गोदामाविषयी आम्हांला विशेष ममत्व वाटते. भारताची परीक्षा मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून होई. २०१७ च्या अहवालात या विषयात आपला क्रमांक १८५वा होता. एकूण देश १९०. पुढच्या वर्षी १८१वा. मग दिल्लीच्या आणि मुंबईच्या कचेऱ्या हलल्या. अर्ज संगणकावर आले, अनेक खात्यांची ना-हरकत एका खिडकीतून मिळण्याची सोय झाली. २०१९ च्या अहवालात क्रमांक ५२वा आणि २०२० च्या अहवालात २७वा आला. २०२१ मध्ये, अन्य काही देशांच्या आकड्यांतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर, बँकेने तो अहवालच बंद केला.

या सुधारणा खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. खिडक्या कमी झाल्या हे खरेच आहे. परंतु वाकोल्यात दहा हजार चौरस फुटांचा, निर्वेध मालकीचा, भाडेकरू नसलेला, वहिवाटीचा तंटा नसलेला भूखंड कोठे आहे, हे कोणी आम्हांला दाखवावे. जे गोदाम अस्तित्वात नाही त्याला परवानगी झटपट, आणि जी गिरणी रोज सकाळी सात वाजता सुरू होते तिच्या नशिबी मात्र ताडपत्री!

मुंबईबाहेर महाराष्ट्राने अधिक धैर्य दाखविले आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील साध्या बांधकामाला प्रत्यक्ष परवानगीची गरज नाही, जाणकाराच्या सहीचा नकाशा देऊन कळविले व शुल्क भरले म्हणजे पुरे. आणि तीन हजार चौरस फुटांपर्यंत दहा दिवसांत परवानगी, असे तेव्हा सरकारने जाहीर केले. ही नियमावली मुंबईला लागू नाही. मुंबईची नियमावली निराळी, २०१८ च्या सप्टेंबरपासून अमलात आलेली. मुंबईतील प्रश्न गुंतागुंतीचे आहेत हे आम्ही मान्य करतो. परंतु म्हणूनच साध्यासुध्या बांधकामाला त्या गुंत्यातून आधी सोडविणे अगत्याचे आहे. सगळ्या प्रकरणांची एकच रांग लावली की वीस मजली मनोऱ्याचा आर्किटेक्ट पुढे जातो आणि एका मजल्याचा गिरणीवाला मागे राहतो.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू या, कारण ते पोकळ नाही. १८ डिसेंबर २०१७ रोजी साकीनाक्याला फरसाणाच्या दुकानाला आग लागून बारा जण गेले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला कमला मिलमधील उपाहारगृहांच्या आगीत चौदा जण गेले. त्याच वर्षी २५ जुलै रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे दगावली; तेथे तळमजल्यावरील रुग्णालयाच्या जागेत फेरफार चालले होते. अशा शहरात छाननी सैल करावयाची काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. परंतु यांपैकी कोणती दुर्घटना जलद परवानगीने घडली? घाटकोपरचे फेरफार काही मंजूर नकाशावरून चाललेले नव्हते. पुढे १३ मे २०२४ रोजी त्याच घाटकोपरात वादळात जो अजस्र जाहिरात-फलक कोसळून सतरा जण मेले, त्यालाही महापालिकेची परवानगी नव्हती. जमीन रेल्वे पोलिसांकडची होती. माणसे मेली ती ताडपत्रीच्या आड. छाननीचा सारा भार जो दारात अर्ज घेऊन येतो त्याच्यावर, आणि जो येतच नाही त्याच्याकडे पाहण्यास माणूस शिल्लक नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

म्हणून आमची मागणी अशी आहे. तळमजला आणि वर एक मजला, तळघर नाही, जमीन निर्वेध, नाल्याचे आणि रस्त्याचे अंतर सोडलेले, अशा लहान दुकानांसाठी आणि गाळ्यांसाठी महापालिकेने निराळी रांग काढावी आणि दहा दिवसांत उत्तर द्यावे. शंका काढावयाची ती एकदाच आणि सगळी एकत्र. नकाशाची जबाबदारी सही करणाऱ्या आर्किटेक्टची किंवा सर्व्हेअरची, पण त्यांच्या सहीवर डोळे मिटून विसंबावयाचे नाही. न्यूयॉर्कने १९९५ पासून व्यावसायिकाच्या प्रमाणपत्रावर नकाशे मंजूर करण्याची पद्धत चालविली आहे. तेथे त्यांतले काही नकाशे निवडून उलटून तपासतात आणि लबाडी सापडली तर त्या व्यावसायिकाची ती सवलत काढून घेतात. आपल्याकडे चिठ्ठ्या संगणकाने काढाव्यात, साहेबाने नव्हे. जोत्यापर्यंत काम आले की एकदा, आणि पूर्ण झाल्यावर एकदा, माणसाने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मंजूर नकाशा दुकानाच्या दारावर लावणे सक्तीचे करावे. गल्लीतल्या शेजाऱ्यासारखा निरीक्षक कोणत्याही खात्याला पगार देऊन मिळणार नाही.

भाडेकरूंच्या बाबतीत मात्र आम्ही तसूभरही सवलत देणार नाही. वाकोल्यातील कितीतरी दुकाने पागडीची आहेत. दुकानदाराला बाहेर काढण्यासाठी मालकाने जलद परवानगीचा उपयोग केला, तर ही सुधारणा नसलेलीच बरी. जेथे भाडेकरू आहे तेथे त्याची लेखी संमती आणि त्याच आकाराचा गाळा, याखेरीज या रांगेत प्रवेश नाही. तसेच उपाहारगृहे, रुग्णालये आणि ज्वालाग्राही मालाची गोदामे या रांगेत नकोत. त्यांची परीक्षा कडकच झाली पाहिजे.

येथे आमच्या विद्यार्थ्याची थोडी पंचाईत झाली आहे. पिठाची बारीक धूळ हवेत साठली म्हणजे ती ठिणगीने भडका घेते, हे शास्त्र आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा त्याच्या गिरणीला अग्निशमन खात्याची पाहणी हवी, वायुवीजन हवे, वरच्या शिंप्याला उतरण्यास स्वतंत्र जिना हवा. आम्ही त्याला तसे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, “सर, जिना बांधतो, पंखा बसवतो, अग्निशमनवाल्यांना चहा पाजून सगळं दाखवतो. फक्त कोणत्या दिवशी येतील ते सांगा. दुकान बंद ठेवायचं तर गिऱ्हाइकांना आधी कळवावं लागतं.”

ती तारीख त्याला अजून कोणी सांगितलेली नाही. पत्र्यांच्या भोकांवर डांबर लावून त्याने गिरणी चालू ठेवली आहे, आणि करपावतीची पिशवी आमच्या कपाटात ठेवावयास दिली आहे, कारण त्याच्याकडे पावसात गळते.